भाव येईपर्यंत

घाई नावाची वस्तू या पृथ्वीतलावर कधी निर्माणच झाली नाही, ती चार उतावळ्या लोकांनी उठवलेली अफवा आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते माझे साडू आहेत. साडू हे नातंच मुळात मजेशीर. दोन माणसांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो, फक्त दोघांनी एकाच घरच्या मुली केलेल्या असतात, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांना जन्मभर प्रत्येक पंगतीला शेजारी बसून जेवावं लागतं. त्यात मी विजेच्या बिलाचा मेसेज आला की उजव्या हाताने घास घेत डाव्या हाताने बिल भरून मोकळा होणारा. नाशिकरोड स्टेशनला मी इतक्या लवकर पोचतो की माझ्या गाडीच्या आधीच्या गाडीचे लोक मला चुकून आपल्यातला समजतात. सासरेबुवांनी एक जावई असा निवडला आणि दुसरा तसा. एकाच्या हातून सुटेल ते दुसऱ्याच्या हाती लागेल, असा त्यांचा हिशेब असावा.

अशोक स्तंभाच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला की सगळं नाशिक एकदम सुटतं. साडू मात्र एक पाय जमिनीला टेकवून स्कूटरवर स्वस्थ बसून राहतात. “जाऊ द्या त्यांना, गर्दी ओसरू द्या,” असं मागे बसलेल्याला समजावतात, आणि गर्दी ओसरेपर्यंत दिवा पुन्हा लाल होतो. मग ते वळून समाधानाने हसतात, कारण आता रांगेत त्यांचाच नंबर पहिला असतो. मी एकदाच त्यांच्यामागे बसून गंगापूर रोडहून पंचवटीपर्यंत गेलो आणि कानाला खडा लावला. रविवारी सकाळी आमची दोन्ही कुटुंबं मिसळ खायला जातात. मिसळ समोर आली की नाशिकचा माणूस बोलणं सोडतो. साडू ताटलीकडे नुसते प्रेमाने बघत बसतात. तर्री नीट वर आली पाहिजे, फरसाणाने रस्सा प्यायला पाहिजे, कांदा जरा नरमला पाहिजे. हे सगळं होईपर्यंत आमची दुसरी ताटली संपलेली असते, आणि त्यांच्यापुढे जे उरतं त्याला मिसळ म्हणायचं की खिचडी, यावर माझी बायको आणि तिची बहीण यांचा वाद जुंपतो.

आंब्याचं तर विचारू नका. दर उन्हाळ्यात ते पेटी आणतात आणि पलंगाखाली गवतात आढी घालतात. घरभर वास सुटतो. साडू रोज संध्याकाळी खाली वाकून एकेक आंबा हुंगतात, देठाशी अंगठ्याने दाबतात, “उद्या” म्हणतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. एखादा आंबा डागाळला तर तो फुकट जाऊ नये म्हणून त्या दिवशी खायचा, चांगले असतील ते पिकायला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी त्या चांगल्यांतला एक डागाळतो. अशा रीतीने त्या घराने वर्षानुवर्षं पेटीच्या पेटी आंबे खाल्ले आहेत आणि त्यात एकही चांगला आंबा खाल्लेला नाही.

लग्नाचीही हीच तऱ्हा. माझ्या मेहुणीला बघायला आले तेव्हा त्यांनी पोहे गार होऊ दिले, मुलगी आवडल्याचं चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असताना “कळवतो” म्हणाले आणि निघून गेले. ते गेले ते गेलेच. सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी दुसरी स्थळं काढायला सुरुवात केली. पण मेहुणी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिने सरळ फोन लावला आणि हो की नाही ते एकदा सांगा म्हणाली. “हो तर तेव्हाच होतं,” साडू म्हणाले, “पण लगेच हो म्हटलं असतं, तर मी नीट विचार केला नाही असं तुम्हाला वाटलं असतं.” त्या एका वाक्यावर भाळून आपण लग्न केलं आणि त्याच एका वाक्याचा रोज पश्चात्ताप होतो, असं मेहुणी आजही सांगते. सांगताना हसते, म्हणून आम्ही काही बोलत नाही.

या सगळ्याचं मूळ सटाण्यात आहे. साडूंचं घराणं तिथलं, पिढ्यान् पिढ्या कांदा पिकवणारं. उन्हाळी कांदा निघाला की लगेच विकायचा नसतो. तो सुकवायचा, हवेशीर कांदाचाळीत भरायचा आणि भाव येईपर्यंत थांबायचं. मात्र घाईने काढलेला जाड मानेचा कांदा चाळीत टिकत नाही, म्हणून भरताना मान दाबून बघायची. साडू लहान असताना एका वर्षी सगळ्या गावाने पडत्या भावात कांदा काढून टाकला आणि यांचे वडील एकटे थांबले. दिवाळीच्या सुमाराला भाव असा काही चढला की त्या वर्षी त्यांच्या घरावर पक्का स्लॅब चढला. त्या स्लॅबखाली बसून साडूंनी आपलं सगळं तत्त्वज्ञान तयार केलं. ज्याला थांबता येतं त्यालाच भाव येतो. ज्या ज्या वर्षी थांबून थांबून चाळीतला कांदा पाणी होऊन वाहिला, त्या वर्षांविषयी त्या घरात कुणी बोलत नाही.

साडू शिकायला म्हणून नाशिकला आले आणि इथलेच झाले. पंचवटीत त्यांचं शेतीच्या पाइपांचं, मोटरींचं आणि ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. तिथेही ते गिऱ्हाइकाला लगेच माल देत नाहीत. एवढ्यात मोटर घेऊ नका, आधी विहिरीचं पाणी बघा, असं सांगून परत पाठवतात. गिऱ्हाईक जातं, पाणी बघतं आणि पुढच्या साली शोधत शोधत यांच्याकडेच येतं, कारण मोटर न विकणारा दुकानदार त्याला आयुष्यात दुसरा भेटलेला नसतो. दुकान चांगलं चालतं. माझ्यासारख्याला हे बघून संताप येतो.

तर अशा या माणसाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. रेवा. डॉक्टरांनी जानेवारीतली तारीख दिली होती आणि साडूंनी ती मनातल्या मनात फेब्रुवारी धरली होती. पण पोर आईवर गेली. डिसेंबर सरता सरता तिने निघायचं ठरवलं. साडू दवाखान्याची पिशवी भरता भरता “अजून वेळ आहे” म्हणत होते, तोवर मी गाडी काढून मेहुणीला घेऊन निघालोसुद्धा. साडू मागून रिक्षाने आले. रेवा तोवर येऊन, रडून, झोपून गेली होती.

आणि सगळा घोटाळा इथेच झाला. आमच्याकडच्या शाळांचा नियम असा की डिसेंबरअखेर ज्याला चार वर्षं पूर्ण होतील ते मूल त्याच वर्षीच्या जूनमध्ये ज्युनियर केजीत जातं. रेवा आली डिसेंबरच्या अगदी शेपटाला. म्हणजे या जूनमध्ये घातली तर वर्गात सर्वात लहान, आणि वर्षभर थांबवली तर पुढच्या वर्गात सर्वात मोठी. मेहुणीच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. नियमात बसते, चुरूचुरू बोलते, घालायची. साडूंच्या दृष्टीने यात विचार करण्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं की रेवाचा खरा वाढदिवस जानेवारीतलाच धरायला हवा. डॉक्टरांनी तारीख दिली होती, त्यांचं शिक्षण जास्त, आणि पोरीने घाई केली म्हणून काही जानेवारी बदलत नाही. हे त्यांनी शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनाही फोनवर सांगून बघितलं. त्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि जन्मदाखला आणा म्हणाल्या. मग साडूंनी निरीक्षण सुरू केलं. रेवा खांद्यावर झोपली की ते हळूच तिची मान चाचपून बघायचे आणि “अजून जाड आहे” असं मला खुणेने सांगायचे. मेहुणीने हे पाहिलं मात्र, पुढचे दोन दिवस घरात फक्त रेवा बोलत होती.

रेवाचं बोलणं हा एक वेगळाच प्रकार होता. साडू सकाळी तिला स्कूटरवर पुढे उभी करून दुकानात नेत. तिथे काळ्या पाइपाच्या एका मोठ्या गुंडाळीवर तिची बैठक असे. तीन-साडेतीन वर्षांची ही बाई दिंडोरी-पेठकडून आलेल्या शेतकऱ्यांना “बसा, पप्पा बघतोय” असं सांगायची. इतर मुलं चिऊ-काऊ शिकतात त्या वयात तिला एल्बो, टी, वायसर आणि कॉक यांतला फरक कळत होता. स्वभावाने मात्र ती दोघांची भेळ होती. उठायची आईच्या घाईने आणि बूट घालायची बापाच्या चालीने. एका बुटाचा पट्टा लावायला तिला एवढा वेळ लागे की तोवर दुसरा बूट पायातून निघून जाई. कुणी मदतीला वाकलं की ती हात आडवा धरून म्हणे, “थांब, मी करते.” साडू थांबत. जगात बूट घालणाऱ्या मुलीसमोर इतक्या शांतपणे बसणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

शेवटी सटाण्याहून साडूंच्या आईंना बोलावून घेतलं. त्या आल्यावर रीतसर बैठक बसली. साडूंनी मुद्दा मांडला तो असा की रेवा मुळात उन्हाळी कांद्याच्या जातीची आहे, ठेवली तर तिला भाव येईल. माझ्या बायकोच्या तोंडून निघून गेलं की मला तर ती लाल कांद्यासारखी वाटते, तो निघाला की बाजारातच न्यावा लागतो. त्यावर रंग, टिकाऊपणा आणि कोंब फुटणं या अंगांनी चर्चा चांगलीच रंगली. मीही दोन शब्द बोललो, हे कबूल करायला हवं. मग मेहुणी उठून उभी राहिली. “माझ्या मुलीला या घरात पुन्हा कुणी कांदा म्हणालं,” ती म्हणाली, “तर त्याने स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायचं.” म्हाताऱ्या आई इतका वेळ रेवाची वेणी घालत होत्या. त्यांनी मान वर न करता आपल्या अहिराणीत लेकाला सांगितलं, “पोर कच्ची नई शे भाऊ. बाप कच्चा शे.” आणि सुनेकडे चहा मागितला.

साडू हरणाऱ्यांतले नव्हेत. म्हणजे ते जिंकतात असंही नाही, पण निकालच लागू देत नाहीत. शाळेने मुलीला आणि आईबापांना भेटायला बोलावलं, तेव्हा ते मुकाट्याने यायला तयार झाले. इतक्या मुकाट्याने, की माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मेहुणीने आठवडाभर रेवाकडून रंग, फळं, प्राणी, सगळं घोटून घेतलं होतं. वेळेवर पोचायचं म्हणून गाडी माझी ठरली होती, आणि त्यामुळे मी शाळेच्या व्हरांड्यात, उघड्या दाराशी, बाकावर बसलेला होतो. आतलं सगळं मला दिसत होतं.

मुलांना भेटणाऱ्या बाई मोठ्या प्रेमळ होत्या. त्यांनी रेवाला नाव विचारलं. रेवाने ओठ घट्ट मिटले. त्यांनी सफरचंदाचं चित्र दाखवलं. रेवाने गालसुद्धा फुगवले. हत्ती दाखवला, लाल रंग दाखवला, पाच बोटं दाखवली. रेवा डोळे मोठ्ठे करून बघत होती, तिला सगळं येत होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण तोंडातून एक अक्षर नाही. मेहुणीचा घाम पदराने टिपून संपेना. आणि साडू पंख्याकडे बघत होते. इतक्या निरागसपणे पंख्याकडे मी कधी कुणाला बघताना पाहिलेलं नाही. अखेर बाईंनी चित्रं गोळा केली. काही मुलांना वेळ लागतो, काही घाई नसते, असं त्या समजुतीच्या सुरात म्हणू लागल्या. साडूंनी लगेच पंख्यावरून नजर काढली आणि मान डोलावली. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, त्याचा नळ मघापासून टपटपत होता. बोलता बोलता बाईंनी उठून तो घट्ट केला. तो तरी टपटपायचा थांबेना.

“वायसर गेलाय,” रेवा म्हणाली.

बाई गर्रकन वळल्या. रेवाने तोंडावर हात ठेवला, पण आता उशीर झाला होता. बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, तुला तर छान बोलता येतं, मग मघापासून बोलत का नव्हतीस? रेवाने एकदा बापाकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं.

“पप्पांनी सांगितलंय,” ती म्हणाली. “भाव येईपर्यंत बोलायचं नाही.”

बाई हसता हसता खुर्चीला धरून उठल्या. मग रेवाने एकदाचं मन मोकळं केलं. सफरचंद, हत्ती, लाल, हिरवा, पाच बोटं, शिवाय तो नळ उघडून कोणत्या मापाचा वायसर बसवावा तेही सांगितलं. प्रवेश तिथल्या तिथे नक्की झाला. फक्त घ्यायचा की नाही ते आठवडाभरात कळवा, असं आम्ही निघता निघता बाई म्हणाल्या. बहुधा साडूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना राहवलं नसेल. आठवडा हा शब्द ऐकून साडूंच्या जिवात जीव आला.

परतताना गाडी गंगापूर रोडला लागल्यावर मेहुणीने विचारलं, “तुम्ही माझ्या मुलीला गप्प बसायला शिकवलंत?” साडू म्हणाले की शिकवलं नाही, नुसतं सुचवलं. मेहुणी खिडकीबाहेर बघत राहिली. मग मला म्हणाली, “दाजी, तुम्हीच सांगा, ही पोर रोज सकाळी काय करते ते यांना माहीतच नाही. हे बाथरूममध्ये असतात तेव्हा...” ती रडते आहे हे पाहून मी गाडी हळू केली. एरवी मी गाडी कशासाठीच हळू करत नाही.

त्या रविवारी मिसळीला साडू एकटेच आले. तर्री वर आली, फरसाण फुगलं, कांदा नरमला, तरी त्यांनी हात लावला नाही. मी मुद्दामच विचारलं की आता आणखी कशाची वाट बघताय. ते चमचा फिरवू लागले. “साडूभाऊ,” ते म्हणाले, “ती बूट घालते ते तुम्ही पाहिलंय ना. ती वर्गात सगळ्यांत लहान. सुट्टी झाली की सगळी पोरं पळत पुढं जातील आणि ही एकटी मागं बसून पट्टा लावत राहील. तिच्यासाठी कोण थांबेल?” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस भावासाठी थांबलेलाच नाही. त्याला नुसती भीती वाटते आहे. आणि मला तो एकदम फार आवडला. मी त्यांची गार मिसळ माझ्याकडे ओढून घेतली आणि त्यांच्यासाठी दुसरी गरम मागवली. तीही त्यांनी गार होऊ दिली, ते सोडा.

आठवडा संपत आला तेव्हा मेहुणीने हत्यार खाली ठेवलं. ठीक आहे, नाही घालायची तर नाही, पण ते रेवाला तुम्ही स्वतः सांगा, असं ती नवऱ्याला म्हणाली आणि सकाळच्या वेळी त्यांना गॅलरीत पाठवलं. तिथे रेवा उभी होती. गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली, पाठीला जत्रेतली छोटी पिशवी, एका पायात बूट, दुसरा हातात. खाली शाळेची व्हॅन आली, बिल्डिंगमधली मुलं चढली. रेवाने कठड्याच्या गजांतून हात बाहेर काढून हलवला. व्हॅन गेली. हे ती रोज करत होती आणि साडूंना ते त्या दिवशी कळलं.

साडूंनी तिला विचारलं की तुला जायचंय का त्यांच्याबरोबर. “जायचंय ना,” रेवा म्हणाली. “मी रोज थांबते. पण ती व्हॅन माझ्यासाठी थांबतच नाही.”

साडू आत आले आणि बायकोला म्हणाले, फोन लाव शाळेत. मेहुणीला आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. दहा वाजता ऑफिस उघडतं, असं ती म्हणाली. तर हा माणूस, ज्याने स्वतःच्या लग्नाचा होकार पिकायला ठेवला होता, तो पावणेदहापासून फोन हातात घेऊन उभा होता. दहा वाजता त्यांनी स्वतःच फोन लावला. हे मेहुणीने मला लगेच कळवलं, आणि माझा विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा माझ्या बायकोला कळवलं.

जूनमधल्या पहिल्या दिवशी आम्ही सगळे शाळेच्या फाटकाशी हजर होतो. अर्थात मी सर्वांत आधी. गणवेशाचा फ्रॉक रेवाच्या पोटऱ्यांपर्यंत आला होता, कारण साडूंनी वाढत्या अंगाचा म्हणून मोठाच मागितला होता. मुलांची रांग लागली, बाईंनी टाळी वाजवली, रांग आत चालू लागली, आणि नेमका रेवाच्या बुटाचा पट्टा सुटला. ती तिथेच खाली बसली. रांग तिला वळसा घालून पुढे निघाली. साडूंचा चेहरा पांढरा पडला. ते फाटकातून आत शिरणार तेवढ्यात रेवाने मागे वळूनही न बघता हात आडवा धरला. “थांब पप्पा. मी करते.” साडू जागच्या जागी उभे राहिले. रांग आणखी पुढे गेली. मेहुणीने माझ्या बायकोचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या वाजल्या. मी स्वतः आत धावत जाऊन तो पट्टा लावायच्या बेतात होतो, खोटं कशाला सांगू.

तेव्हा रांगेतून एक मुलगी बाहेर आली. दोन शेंड्या बांधलेली, रेवाहून डोकंभर उंच. ती परत आली आणि रेवाशेजारी उभी राहिली. मदत काही केली नाही. रेवाचा पट्टा लागेपर्यंत ती नुसती तिथे नाक ओढत उभी होती. मग दोघी उठल्या आणि आत गेल्या. रेवा त्या मुलीला काहीतरी समजावून सांगत होती, बहुतेक त्या टपटपणाऱ्या नळाबद्दल. मागे वळून तिने एकदाही पाहिलं नाही. साडू मला म्हणाले, “थांबली हो ती.” आणि खिशात रुमाल शोधू लागले. तो सापडायला त्यांना नेहमीप्रमाणे बराच वेळ लागला, म्हणून मी माझा दिला.

आता याला दोन वर्षं होत आली. सिग्नलला ते अजूनही गर्दी ओसरू देतात. यंदाही आढीतला एकही आंबा आम्हाला चांगला मिळाला नाही. दुकानात ती काळ्या पाइपाची गुंडाळी अजून तशीच आहे. परवा माझ्यादेखत एका गिऱ्हाइकाने तीच मागितली, तर साडू म्हणाले की ती विकायची नाही, आणि आतून दुसरी काढून दिली. भाव काय लावाल असं त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मला चिडवायची चांगली संधी होती. पण सकाळच्या वेळी त्या दुकानात आता फार शांत असतं, ते माझ्याही लक्षात आलं होतं.

गेल्या आठवड्यात मी कामानिमित्त दुपारी रेवाच्या शाळेवरून जात होतो. शाळा सुटायला अजून बराच अवकाश होता. व्हॅन आल्या नव्हत्या, आया आल्या नव्हत्या, पेरूवाल्याने गाडीसुद्धा लावली नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फाटकाशी कडुनिंबाच्या अर्ध्या सावलीत फक्त माझे साडू उभे होते, स्कूटर शाळेच्या दिशेने वळवून तयार. आयुष्यात पहिल्यांदा हा गृहस्थ माझ्याही आधी कुठेतरी पोचलेला मी पाहत होतो. मी गाडी थांबवली आणि म्हटलं, काय हो, तुम्ही आणि इतक्या लवकर?

साडू जरा ओशाळले. मग फाटकाकडे बघत म्हणाले, “तिला थांबायला लागू नये.”

मला खरं तर पुढे पोचायचं होतं. पण मी गाडी बाजूला लावली, आणि शाळा सुटेपर्यंत त्यांच्याबरोबर तिथेच उभा राहिलो.